वर, उजव्या कोपऱ्यात

डिसेंबर अर्धा सरला तेव्हा मोहनदादा मस्कतला गेला
आणि जाताना त्याचा जुना कॅमेरा माझ्या गळ्यात घालून गेला.
पट्ट्याला अजून त्याच्याच मानेचा वास.
'हे एवढं बटण दाब, बाकी कशाला हात लावू नकोस.'
मी सगळ्यालाच लावला.

नेरुळची थंडी म्हणजे काय, तर
डांबरगोळ्यांच्या वासाचे स्वेटर,
अण्णांची काळी माकडटोपी,
तुर्भ्याकडून रात्री येणारा रसायनाचा दर्प,
आणि समोरच्या दोन टॉवरांच्या फटीतून
आठ दहा ते पावणेनऊ
बाल्कनीत उतरणारं ऊन.
अण्णा खुर्ची सरकवत त्याच्या मागे मागे जातात,
शेवटी भिंतीला टेकतात
आणि पेपराची घडी घालतात.
सासऱ्यांचा हा फोटो मी अकरा वेळा काढला.
अकराही वेळा पेपर मिटलेलाच आला.

ठिपका पहिल्यांदा दिसला तो आभाळात.
चाणक्यामागच्या तळ्यावर फ्लेमिंगो आलेत म्हणून
साडेपाचला उठून गेलो,
नंदन अर्ध्या झोपेत, पायात दोन रंगांचे मोजे.
पक्षी होते, पण लांब,
चिखलावर सांडलेला गुलाल
कुणी अर्धाच झाडून न्यावा तसे.
घरी येऊन मोठे करून पाहिले.
'आई, हा कुठला पक्षी?' नंदनने विचारलं,
'सगळ्या फोटोंत एकाच जागी उडतोय.'

मग तो सगळीकडेच निघाला.
वर, उजव्या कोपऱ्यात, राखाडी, तिळाएवढा.
मार्गशीर्षातल्या गुरुवारी, घटामागच्या भिंतीवर.
श्रीरंगच्या दरवर्षी मागे मागे सरणाऱ्या कपाळावर,
(तो म्हणाला, एवढं पुसशील तेव्हा
वर थोडे केसही लाव.)
आणि संक्रांतीनंतर जावेच्या बाळाच्या बोरन्हाणात,
कुरमुरे, चॉकलेटं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे
सगळं डोक्यावरून घरंगळताना
हवेत एक न पडणारं बोर.
जाऊ म्हणाली, 'राहू दे गं, आयती तीट झाली.'

वाशीचा दुकानदार फोनवर म्हणाला, आत धूळ बसलीय.
साफ करायचे आठशे.
आठशे म्हणजे नंदनची सहल.
मी म्हटलं, बघू.

त्या रात्री कॅमेरा टीव्हीला जोडला,
तिळाच्या वड्या कडाकडा मोडत सगळ्यांनी महिना पाहिला.
कुणी कुणाच्या पोटाला हसलं,
कुणी म्हणालं, हा पडदा धुवायला झालाय.
अण्णा गप्प.
मग टोपी कानावरून वर सारून म्हणाले,
'तुझ्या कॅमेऱ्यालाही दिसतो होय तो?'
'कोण?'
'ठिपका.'

दिवाळीपासून.
आम्हाला वाटलं, त्यांना हल्ली वाचायचा कंटाळा येतो.

टीव्ही कुणी बंद केला आठवत नाही.
अकरा घड्या आठवतात.

डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, तासभर बसवलं,
दिवा मारून आत पार तळापर्यंत पाहिलं.
'वयाचं आहे. पडदा शाबूत आहे.
जाणार नाही, पण सवय होईल.'
श्रीरंगने तीनदा विचारलं, तीनदा तेच.
मग तो उगाचच फी मोजत राहिला.

बाहेर पायऱ्यांवर अण्णा, दवाखान्याचा काळा चष्मा लावून,
विस्फारलेल्या बाहुल्यांना ऊन सोसेना म्हणून
मान खाली, एखाद्या रुसलेल्या नटासारखे.
मी पिशवीतून कॅमेरा काढला.
महिन्याभरात एवढं मला यायला लागलंय:
थोडा खाली, थोडा डावीकडे वळवला
की तो बरोबर काळ्यावर जाऊन बसतो
आणि दिसत नाही.

'गेला,' मी म्हटलं.
'माझाही,' चष्म्याआडून अण्णा.
मग जरा थांबून,
'म्हणजे मी कोपऱ्यात आहे का फोटोच्या?'
'हो.'
'आणि बाकीच्यात काय आहे?'
'पायऱ्या. कुणाची तरी सायकल. ऊन.'
'मग बरंय.'